पुठ्ठ्याची फौंड्री

आमच्या घरात एक रेल्वे आहे आणि ती माझी आहे. हे वाक्य मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा म्हणावं लागलंय की आता दारावर तशी पाटीच लावावी असा विचार आहे. घरी येणारा प्रत्येक जण वरच्या खोलीतली गाडी बघून आधी माझ्या नवऱ्याकडे कौतुकानं बघतो. ती त्याची नाही म्हटलं की मुलगा काय करतो विचारतो. मुलगा नाही, मुलगी आहे आणि ती बंगळूरला नोकरी करते, असं सांगितलं की मग नातवाची तयारी आतापासूनच का, असं विचारून स्वतःच हसतो. शाळेत भूगोल शिकवणारी, पन्नाशी उलटलेली बाई स्वतःसाठी आगगाडी घेते आणि सुट्टीच्या दिवशी ती चालवत बसते, हे कुणाच्या डोक्यात शिरतच नाही. नवरा मात्र या बाबतीत शहाणा. दुसऱ्या बायका सोनं मागतात, एवढं म्हणून तो पेपरात तोंड घालतो.

घर कोल्हापुरात, कळंब्याच्या रस्त्याला आहे. वरच्या खोलीत दोन टेबलांवर प्लायवूडचा मोठा फळा टाकून मी हा संसार मांडलाय. एक स्टेशन, एक बोगदा, एक पूल आणि वीतभर लांबीचे डबे. स्टेशन सोडलं की मुख्य रुळातून एक फाटा निघतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात जाऊन संपतो. मालगाडीचे डबे त्या फाट्यावर ढकलायचे, थोडा वेळ उभे करायचे आणि परत आणायचे, असं माझं चाललं होतं. एकदा शेजारच्या काकू पापड वाळत घालायला गच्चीवर आल्या त्या खोलीत शिरल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी दोन फेऱ्या बघितल्या आणि विचारलं, "पर गाडी त्या कोपऱ्यात जाऊन करती काय?"

मला भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. नुसती फिरायला जाणारी मालगाडी कुणी बघितली आहे? माल भरायला किंवा उतरवायला तिथं काहीतरी हवं. कारखाना हवा. परदेशातून मागवलेले कारखाने मिळतात, पण ते तिकडच्या विटांचे, बर्फासाठी उतरत्या छपरांचे. माझ्या फाट्यावर असलं काही शोभलं नसतं. म्हणून मी ठरवलं की कारखाना आपणच करायचा, आणि तो पुठ्ठ्याचा करायचा.

साधारण त्याच सुमाराला आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले होते. उद्यमनगरात त्यांचं पॅटर्न शॉप होतं. फौंड्रीत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात वितळलेलं बीड ओततात. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. आबांनी जन्मभर तेच केलं. पंपांचे, मोटारींचे, रसाच्या चरकांचे पॅटर्न. मग डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, मापं चुकायला लागली आणि काही पॅटर्न फौंड्रीतून परत आले. दुसरा कुणी असता तर चूक फौंड्रीवाल्याची कशी आहे हे त्यानं चौकात उभं राहून सांगितलं असतं. आबाही एरवी तेच करत. या वेळी मात्र ते कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी शटर ओढलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि रिक्षानं माझ्याकडे आले. ते भांडले नाहीत म्हणूनच मी घाबरले.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नजर आता स्वच्छ आहे. आबांचं म्हणणं, डॉक्टरनं जन्मात कधी मापात काम केलंय का? भिंतीवरची अक्षरं वाचणं वेगळं आणि सुताचा फरक ओळखणं वेगळं. मी म्हटलं, मग करून बघा की काहीतरी. त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. दिवसभर खुर्चीत बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून. त्या हातांकडे बघून मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी चिडते, मग आमटीत मीठ जास्त पडतं. नजर राहिली की गेली, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आणि तेच तपासून बघायची त्यांना भीती वाटत होती. नजर गेली असेल तर आपण जगून काय करायचं, असं ते नवऱ्याजवळ एकदा बोलले होते. माझ्याजवळ नाही.

तेव्हा कारखाना कसला करायचा हे ठरलंच. फौंड्री करायची. फाट्याला कारण मिळेल आणि आबांना काम.

मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी तावात आले. फौंड्रीत रेल्वे कुठून आली, हा पहिला प्रश्न. उद्यमनगरात सगळा माल ट्रकनं येतो नि ट्रकनं जातो, फौंड्रीच्या दारात रूळ त्यांनी कधी बघितले नाहीत. मी म्हटलं, माझ्या फळ्यावर कोळसा आणि बिडाचे ठोकळे रेल्वेनं येतात. मग म्हणाले, पुठ्ठ्याची कसली फौंड्री, पहिल्या दिवशी पेटंल. मी म्हटलं, आत भट्टी पेटवायची नाहीये. मग म्हणाले, पुठ्ठ्याला रंधा लागत नाही, पटाशी लागत नाही, त्याला काम कसं म्हणायचं? मी हात टेकले आणि खाली जाऊन कुकर लावला.

पुठ्ठ्याचाही एक वेगळाच ताप. दुकानातला कार्डपेपर एक तर फार लवचिक, नाही तर मधे पोकळ. कोल्हापुरात उत्तम जाड कार्ड कशाचं मिळत असेल तर लग्नपत्रिकांचं. आजकालची पत्रिका उघडली की हातभर लांब होते, आणि अशी की डोक्यावर धरली तर ऊन लागणार नाही. पण पत्रिकेवर गणपती असतो आणि गणपती टाकता येत नाही. त्यामुळे आमच्याच काय, आसपासच्या प्रत्येक घरात कपाटावर पत्रिकांचे गठ्ठे वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले असतात. मी मागते आहे म्हटल्यावर काकूंनी पिशवीभर आणून दिल्या, पण अट घातली की गणपतीला कात्री लावायची नाही. मग मी आधी सगळे गणपती सांभाळून बाजूला काढले. त्यांचा एक डबा झाला. तो डबा ठेवायचा कुठं यावरून घरात वेगळी चर्चा झाली आणि तो शेवटी देव्हाऱ्याखाली गेला. दोन-दोन कार्डं गोंदानं एकावर एक चिकटवून मी त्यांच्यावर वजन म्हणून शाळेचे नकाशासंग्रह ठेवले. सकाळी सपाट, कडक पुठ्ठा तयार. फक्त आतल्या बाजूनं सोनेरी अक्षरात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ राहून गेलं.

मग मी नकाशा काढला. उद्यमनगरातल्या जुन्या शेडसारखी शेड, लांबी चाळीस सेंटीमीटर, वर करवतीच्या दातांसारखं छप्पर. म्हणजे एक बाजू उभी काचेची, दुसरी उतरती पत्र्याची, अशा ओळीनं आठ घड्या. लांबीच्या भिंतींना वरून तसेच दात कापायचे आणि छप्पर एकाच लांब पुठ्ठ्याला घड्या घालून त्या दातांवर बसवायचं. ही कल्पना माझी, आणि मला ती फार आवडली होती. आबांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि परत दिला. त्यानंतर मी भिंत कापायला बसले, तेव्हा माझ्या हातातला कटर बघून त्यांना राहवेना. तू ते कापतीयास का कुरतडतीयास, म्हणाले आणि खुर्ची टेबलापाशी ओढली.

तिथून पुढं माझ्या फौंड्रीत माझं काही राहिलं नाही. पिशवी उघडली गेली. काटकोन बघायचा गुण्या आला, कंपास आला, त्यांची दोन फुटी पोलादी पट्टी आली. नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून रेघेवरून कापायचं, असं माझं साधं म्हणणं होतं. ते त्यांनी धुडकावून लावलं. कागद ओलावतो, ताणतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. तू फक्त आकडे सांग, बाकी मी बघतो. मग मी आकडे सांगायचे, ते पट्टी लावून टोकदार सुईनं खूण करायचे, आणि मला बोलायला बंदी. भिंती त्यांनी करायच्या आणि छप्पर मी, अशी वाटणी झाली. माझ्या छपराच्या घड्यांवरही ते टीका करत होतेच, पण हात लावत नव्हते. जेवायला हाक मारली तर येत नव्हते. एवढी खिडकी झाली की येतो, म्हणायचे. त्या खिडक्या माझ्या नखाएवढ्या होत्या आणि त्या प्रत्येकीला ते चारी कोपरे काटकोनात आणत होते. मी वैतागले होते आणि मनातून इतकी खूश होते की काकूंनाही ते दिसलं.

भिंती उभ्या राहिल्या. चारी कोपरे असे बसले की फटीतून उजेड येईना. त्या दिवशी आबांनी चहा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी छप्पर आणलं. पहिला दात बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला थोडं दाबावं लागलं. पुढं पुढं माझी घडी एकीकडे आणि भिंतीचा दात दुसरीकडे, असं व्हायला लागलं, आणि शेवटचा दात भिंतीपर्यंत पोचलाच नाही. टोकाला चांगली दाणाभर फट राहिली. मी म्हटलं, भिंत लांब झाली. ते म्हणाले, छप्पर आखूड झालं. मी माझी स्टीलची पट्टी भिंतीला लावली. चाळीस आणि वर चार मिलिमीटर. त्यांनी त्यांची पट्टी लावली आणि म्हणाले, चाळीस, एक केस इकडं न्हाय की तिकडं न्हाय. मी पुन्हा माझी लावली. आमचं हे तीन-चार वेळा झालं. नवरा खालून विचारत होता, काय झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सगळं छप्पर मी रविवार घालवून घडी घडीनं केलेलं होतं.

"आबा, चाळीस नाही हे. इथं बघा, स्पष्ट दिसतंय. तुम्हाला दिसत नाहीये का?"

ते माझ्या पट्टीवर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्यांची पट्टी न बघताच टेबलावर ठेवली, गुण्या पिशवीत घातला, कंपास घातला आणि भिंतीला धरत धरत जिना उतरले. इतके दिवस जिना ते कशालाही न धरता चढ-उतर करत होते.

पुढचे दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. खुर्ची परत खिडकीपाशी गेली. डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको. भिंत राहू दे, मीच छप्पर दुसरं करते म्हटलं तर मान हलवायचे, कर की. मला स्वतःचा राग येत होता, त्यांचा येत होता, काकूंचा येत होता. त्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर यातलं काही झालं नसतं. त्या मात्र रोज येऊन फौंड्री कुठवर आली विचारत होत्या.

शेवटी मी नवं छप्पर करायला बसले. त्यांच्या भिंती मोडायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा छप्परच भिंतीबरहुकूम करायचं. माझी पट्टी शाळेच्या पिशवीत खाली राहिली होती. आबांची टेबलावरच होती. तिच्यानं मी पुठ्ठ्यावर खुणा करायला लागले. अर्धं झाल्यावर नवऱ्यानं माझी पट्टी वर आणून दिली, आणि मी ती सहज आबांच्या पट्टीशेजारी ठेवली. शून्याला शून्य जुळलं. दहाच्या रेघा पाहिल्या तर किंचित हललेल्या. वीसला फरक दिसत होता. चाळीसला त्यांची रेघ माझ्या रेघेच्या चांगली पुढं होती. पट्टीच्या कडेला बारीक अक्षरं होती, घासून पुसट झालेली. ती मी चष्मा काढून, पट्टी उजेडात धरून वाचली. ती श्रिंकेजची पट्टी होती.

वितळलेलं बीड गार होताना आकसतं. म्हणून पॅटर्न नेहमी हव्या त्या वस्तूपेक्षा थोडा मोठा करतात. प्रत्येक आकड्यात वाढ मिळवत बसायला नको, म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटीमीटर मुळातच थोडा लांब असतो. आबांनी उभ्या आयुष्यात दुसरी पट्टी कामाला वापरलीच नव्हती. त्यांनी माझी पुठ्ठ्याची फौंड्री अशी कापली होती की जणू ती गार झाल्यावर आकसणार आहे. नखाएवढ्या खिडक्यांसकट सगळी, एका प्रमाणात, एक केस न चुकता.

मी दोन्ही पट्ट्या घेऊन धावत खाली गेले. त्यांच्या मांडीवर ठेवल्या, शून्याला शून्य लावून. सांगितलं, बघा, तुमचं माप चुकलेलं नाही. तुमची नजर शाबूत आहे. मी आनंदानं बोलत होते आणि माझा आवाज चिरकत होता. त्यांनी अंगठा पट्टीवरून शून्यापासून चाळीसपर्यंत नेला. दोन्ही रेघांमधल्या फटीवर नख टेकवलं.

"म्हंजे डोळं न्हाय गेलं," ते म्हणाले. "डोस्कं गेलं."

मला हे अपेक्षित नव्हतं. मी चिडले. खरोखर ओरडले. एका माणसाला चांगली बातमी द्यायची म्हणजे किती कष्ट करायचे? मी म्हटलं, डोकं गेलेलं नाही, डोकं तिकडं उद्यमनगरात अडकलंय. आयुष्यभर एकच पट्टी धरली, हात तिच्याकडे गेला, यात डोक्याचा काय संबंध? ते ऐकून घेत होते. नवरा दारात येऊन उभा राहिला होता आणि मला गप्प बस अशी खूण करत होता. मी गप्प बसले नाही. सगळं बोलून झाल्यावर आबा उठले आणि म्हणाले, तुझी पट्टी दे.

मला वाटलं, छप्पर करणार. नाही. भिंती नव्यानं करणार म्हणाले. मी हात जोडले. इतक्या सुंदर भिंती, छप्पर तर मी एका दुपारी करून देते. तेही भिंतीवर धरूनच, कुठली पट्टीच नको. ते ऐकेनात. छप्पर तुझं बरोबर हाय, चूक माझी हाय, तर बदलायच्या भिंती. माझ्याकडे पत्रिका संपल्या होत्या. तर काकूंच्या माहेरच्या, मुरगूडच्या कुणाच्या तरी पत्रिका आल्या, पुन्हा गणपती निघाले, पुन्हा नकाशासंग्रह गोंदावर बसले. शाळेत मुलं विचारत होती, बाई, नकाशे कुठं आहेत?

या वेळी ते माझ्या साध्या पट्टीनं काम करत होते आणि ते बघवत नव्हतं. खूण करण्याआधी आकडा दोनदा बघायचे. हात मधेच टेबलाच्या कडेला काहीतरी चाचपायचा, मग थांबायचा. बोलत मात्र होते. माझ्या रुळाचा सांधा वर आलाय, माझा बोगदा फार अरुंद, माझ्या स्टेशनाला खिडकी कुठाय, सगळं सुनावून झालं. मी सगळं ऐकून घेतलं, नेहमीइतकीच चिडून.

भिंती लागल्या. छप्पर ठेवलं. ते पहिल्या दातापासून शेवटच्या दातापर्यंत एका दमात बसलं, दाबावं लागलं नाही. मी इंजिन सुरू केलं आणि दोन डबे फाट्यावर ढकलत नेऊन फौंड्रीच्या दारात उभे केले. काकू वर आल्या होत्या. आता कसं, असं मी त्यांना विचारलं. बरं दिसतंय म्हणाल्या, पर धूर न्हाय. आबांनी वाकून, एक डोळा मिटून, छपराची ओळ टोकापर्यंत बघितली. बराच वेळ बघितली. मग सरळ झाले, आणि नजर चांगली आहे हे त्यांना पटलं, असं मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

मी म्हणाले, मग आता शटर उघडायचं का? डोळे ठीक आहेत, हात ठीक आहेत. उघडा की. काकूही व्हय व्हय म्हणाल्या.

आबांनी श्रिंकेजची पट्टी उचलली. धोतराच्या टोकानं ती दोन्ही बाजूंनी पुसली आणि माझ्यापुढं धरली.

"ही कुणाला तरी दिऊन टाक. कामावरच्या माणसाला. अजून पॅटर्न करतोय अशा."

मी म्हटलं, द्यायची कशाला, राहू दे घरात, आठवण म्हणून. कपाटात ठेवते.

"नगं," ते म्हणाले. "घरात ऱ्हायली तर तुज्या स्टेशनाची खिडकी कापताना माजा हात तिच्यावरच जाणार की, बाई."